बांधलेली धूळ

४ जून
आले एकदाची. वेधशाळेत नोकरी, तिसऱ्या मजल्यावर खोली, जमिनीपर्यंत उतरलेली, बिनगजांची मोठी खिडकी. टेबल बाजूला, खुर्ची खिडकीसमोर, वारा छान येतो. खाली मोकळं अंगण आणि एक बाक. धाकटी बहीण इथे आधीपासून आहे, तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला. सगळ्यांना सांगत फिरली, ही माझी ताई.

९ जून
काम मजेचं आहे. म्हातारे, थंडावलेले तारे वायू आणि धुळीचा वारा सोडतात. ताऱ्याचा उजेड ढकलतो धुळीला. वायूला तो फारसा लागतच नाही. धूळ निघते आणि धडका देत वायूला फरफटत नेते. स्वतः मात्र जरा पुढे सटकते. हे सटकणं धरलं की गणित फार लांबतं, म्हणून बहुतेक जण ते शून्य धरतात, धूळ वायूला बांधूनच टाकतात. धाकटीने न बांधता सोडवलंय. वेधशाळेचे प्रमुख कौतुक करून थकत नाहीत. मी कोण? धाकटीची ताई.

१५ जून
खोटं कशाला लिहू, पोटात दुखतं माझ्या. अभ्यास मी घ्यायचे तिचा, उजेड पडला तिच्यावर. ती चहाला गेली तेव्हा तिच्या कॉम्प्युटरवर बसले आणि सटकण्याचा आकडा शून्य केला. घे, बांधली तुझी धूळ.

१७ जून
तिचं उत्तर चुकलं. बरं वाटलं. मग तिने केस मागे सारले आणि माझाही हात वर गेला.

१९ जून
ती वळली की माझी मान वळते. आकडा परत भरायला निघाले तर पाय तिच्या चालीने चालले, भलतीकडेच. ती जिना धावत उतरली, मी भिंतीवर आपटले. ताई, जपून गं, म्हणाली. तिला काहीच जाणवत नाही.

२० जून
सांगून टाकायला हवं. पण ती माफ करील. तेच नकोय मला.

२१ जून
ती बाकावर बसलीय, तेवढी पकड ढिली, म्हणून लिहितेय. खिडकी उघडी. लावायला उठता येत नाही—
हाक मारली. तिने वर बघून हात हलवला. माझाही हलला.
अंगणाच्या टोकाला प्रमुख, हातात कागद. तिला हसून बोलावताहेत. तिच्या गणितातली चूक सापडली असणार. आत्ताही आधी हेच वाटलं, की तिलाच का—
तिच्यापुढे सगळं अंगण. माझ्यापुढे खिडकी—
धाकटे, बसून राहा. आकडा मीच—
उठली. पळत नि