तेरा नाण्यांचं लग्न

मेक्सिको शहरातल्या नाणेखात्याच्या साहेबांना दुरांगोच्या तोमासाचा रागाचा नमस्कार.

लढाई संपल्यावर तुम्ही आमच्या जनरलने पाडलेली नाणी रद्द करून चांदीची नवी काढलीत. बाजार सावरला म्हणतात. पण माझ्या घराचं काय? आमच्याकडे नवरा चर्चमध्ये बायकोच्या ओंजळीत तेरा नाणी घालतो, जन्मभर पोसायचं वचन म्हणून. माझ्या नवऱ्याने, कास्तुलोने, जनरलचीच घातली होती. तुमचा हुकूम ऐकून हा खाटेवर पडल्यापडल्या म्हणतो, "नाणी रद्द, म्हणजे वचनही रद्द. आता तूच पोस मला!"

मी म्हटलं, "मग माझा तवाही रद्द." आणि चूल विझवली.

आज तो भिंतीवरची लढाईतली बंदूक घेऊन तरातरा बाहेर गेला. म्हणून घाबरून लिहायला बसले.

थांबा, आला. अहो, बंदूक विकून आला! माझ्या ओंजळीत तेरा नवी नाणी ओतून म्हणतो, "आता तरी तवा ठेव, बाई." एकेक दाताखाली धरून पाहिलं. चांदी खरी आहे.

तक्रार मी मागे घेतलेली नाही. पण टपालाच्या तिकिटाला नवंच नाणं लागतं, आणि माझ्याकडे ही तेराच आहेत. तुमच्यासाठी त्यातलं एक मोडून लग्न बारावर आणू होय?

पुन्हा कास्तुलोची झालेली,
तोमासा