विमानाचे चौदा क्लॅम्प

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून इंजिनाचं काम. विमानाचा सांगाडा झाला, पंख झाले, चाकं झाली. चार वर्षं गेली, पण मेडशीत घरच्या घरी विमान बांधणारा माणूस मी एकटाच. आता राहिलंय काय, तर पेट्रोलच्या नळ्या आणि केबली क्लॅम्प लावून इंजिनाच्या पाइपांना बांधणं. चौदा क्लॅम्प. आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षं पोरांना फिटिंग शिकवलं. अर्ध्या तासाचं काम. नाश्त्याआधी उरकतो.

दुपारी १.
एकही बसला नाही. पोहे थंड झाले. तसेच खाल्ले.

९ सप्टेंबर.
क्लॅम्प ही वस्तू ज्याने शोधून काढली त्याने ती स्वतः कधी बसवली नसणार. पत्र्याची वाकवलेली पट्टी, आत रबर. नळीभोवती गुंडाळायची, पट्टीचे दोन्ही कान एकमेकांवर आणायचे, भोकं जुळवायची, बोल्ट घालायचा, मागून नट. कागदावर सोपं. प्रत्यक्षात एक कान दाबला की दुसरा तोंड फिरवतो. दोन्ही दाबले की बोल्ट धरायला हात उरत नाही. बोल्ट दातात धरला. वॉशर गिळता गिळता वाचलो.

संकल्प: चिडायचं नाही. रोज दोन क्लॅम्प. आठवड्यात काम फत्ते.

१२ सप्टेंबर.
एकूण बसलेले: शून्य. लांब नाकाची पक्कड घसरून अंगठ्याची कातडी गेली. वॉशर खाली भुशात पडला. चुंबक फिरवलं. तीन खिळे, एक सेफ्टी पिन आणि बायकोच्या, सरिताच्या पैंजणाचा हरवलेला आकडा मिळाला. वॉशर नाही. तिला आकडा नेऊन दिला, तर म्हणाली, चार वर्षांत या विमानापासून मले एवढंच भेटलं.

१३ सप्टेंबर.
सरिताने सरळ मुदत दिली. शेड सोयाबीनसाठी बांधलं होतं, विमानासाठी नाही, म्हणाली. गेल्या साली माल उघड्यावर पडला, अर्धा भिजला, अवंदा नाई. दहा ऑक्टोबरपर्यंत इंजिन चालू झालं तर शेड तुमचं, मी ताडपत्री घेते. नाई झालं तर विमान बाहीर, पोते अंदर. कबूल?
कबूल म्हणालो. मनातून हसू आलं. दहा ऑक्टोबरला अजून सत्तावीस दिवस आहेत. सव्वीस जानेवारीला मी वाशिमच्या आभाळात चक्कर मारत असेन.

१७ सप्टेंबर.
दोष रबराचा आहे. वऱ्हाडातल्या उन्हात रबर कडक होतं. हे विदेशी नकाशे काढणाऱ्यांना काय ठाऊक! रबर गरम पाण्यात उकळलं. सरिताने पातेलं ओळखलं. आता चहाला रबराचा वास येतो आणि त्याबद्दल दोन्ही वेळा ऐकून घ्यावं लागतं.

२१ सप्टेंबर, रविवार.
शेजारचे रामराव येऊन बसले. उपयोग शून्य, प्रश्न शंभर. सर, हे उडवाले तुमी शिकले कुठी? मी म्हणालो, शिकायला जाणारच होतो, पण या क्लॅम्पांनी वेळ ठेवला का? मग विचारलं, मोठ्या विमानात तरी बसले असान? एकदा नागपूरहून हैदराबादचं तिकीट निघालं होतं, ऐन वेळी मी रेल्वेने गेलो. तो वेगळा विषय आहे. रामरावांना चहा दिला नाही.

सायंकाळी एक क्लॅम्प बसला! बसल्यावर लक्षात आलं की त्यात नळी घातलीच नव्हती. काढला.

२८ सप्टेंबर.
या वस्तूंची आता किळस येते. डबा उघडला की चौदाच्या चौदा कान फाकवून बघत बसतात. काल एक भिंतीवर फेकून मारला. वाकला. आता तेरा आणि एक वाकडा. हे नोंदवून ठेवतो: फेकण्याआधी मी दहापर्यंत आकडे मोजले होते.

३ ऑक्टोबर.
सरिताने भागिरथाबाईंना फाटकी पोती शिवायला बोलावलं आहे. त्या नेमक्या माझ्या शेडच्या दारात बसल्या, दाभण आणि सुतळीचा गुंडा घेऊन. तांत्रिक कामाला एकांत लागतो हे कुणाला कळत नाही. मी दिवसभर क्लॅम्पशी झटत होतो आणि बाई पोती शिवता शिवता बघत होत्या. दोनदा हसल्या. मी पाहिलं.

७ ऑक्टोबर. सायंकाळी ७.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

क्लॅम्प नंबर एक, माझा तिसावा प्रयत्न. भागिरथाबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, सर, थांबा जरासेक. हे तं पोत्याचं तोंड हाय. गच्च भरलेल्या पोत्याचं तोंड हातानं दाबून कोणी शिवते का? पह्यले आवळावं लागते. त्यांनी दोन्ही कानांच्या खाली सुतळीचे दोन वेढे घेतले, पाइपाला पाय लावला आणि ओढलं. कान गुपचूप एकमेकांवर आले. भोकासमोर भोक. म्हणाल्या, टाका बोल्ट. मी टाकला. नट लावला. त्यांनी सुतळी कापली. वेळ दीड मिनिट.

सहा वाजेपर्यंत चौदाही बसले, वाकडासुद्धा.

अर्थात तत्त्व माझंच होतं. आधी दाब, मग बोल्ट, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. सुतळी हा फक्त तपशील. यावर एक पुस्तिका लिहायला हवी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.
इंजिन चालू झालं! दुसऱ्याच झटक्यात. पुढचा पंखा असा फिरला की रामरावांची टोपी रस्त्यावर. अख्खी गल्ली जमली होती. सरिताने शब्द पाळला, सकाळीच ताडपत्री आणून ठेवली होती. इंजिन बंद केल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, लई बोलली मी तुमाले. खरंच बनवलं तुमी. तिचे डोळे भरले होते. चार वर्षांत असा दिवस नव्हता.

मग म्हणाली, आता उद्या पडितात नेऊन पळवा थोडंसं. मी पाह्यते.

११ ऑक्टोबर.
सकाळी विमान गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर नेलं. उडायचं नव्हतं, नुसतं जमिनीवरून पळवायचं. आत बसलो. पट्टा लावला. इंजिन चालू. विमान हातभर पुढे सरकलं. मी इंजिन बंद केलं.

कारण: क्लॅम्प नंबर सहाबद्दल शंका. सगळ्यांना तसं सांगितलं. सुरक्षितता आधी. हाताला घाम आला होता, पण ऑक्टोबरचं ऊन आहे.

सायंकाळी नंबर सहा काढून ठेवला.

१२ ऑक्टोबर, रविवार.
मी दात घासत होतो तोवर भागिरथाबाईंनी नंबर सहा बसवून टाकला. कुणी सांगितलं होतं? म्हणाल्या, सुटलेला दिसला, बसवून देला. दुपारी मी सहा आणि नऊ काढले. चहा पिऊन येतो तर दोन्ही जागेवर. या बाईचा मला अक्षरशः वैताग आला आहे.

१३ ऑक्टोबर.
पाच क्लॅम्प काढायला बसलो होतो. मागे भागिरथाबाई उभ्या. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, सर, भेव वाटते का? वाटू द्या ना. मले बी थ्रेशरवर पोते झेलाले पह्यल्यांदा लय भेव वाटलं होतं. कोणाले सांगन नाई मी.

भीती! मला! अठ्ठावीस वर्षं ज्याने ग्राइंडरसमोर उभं राहून पोरांना शिकवलं त्याला! त्यांना म्हणालो, तुमची पोती झाली असतील तर घरी जा. गेल्या. मग मलाच लाज वाटली. पाचही क्लॅम्प काढायचे राहून गेले.

१५ ऑक्टोबर. सायंकाळी ६.
सोयाबीन आलं. ढग होते. सरिता ताडपत्री काढत होती. मीच म्हणालो, माल शेडमध्ये घ्या. तिने विचारलं, काहून? शेड तं तुमी जिंकलं ना! मी म्हणालो, क्लॅम्पांचा भरवसा नाही, त्यात शेतीचा माल भिजायला नको. तिने ताडपत्रीची पुन्हा घडी घातली. मग पोती उचलायला लागली. भागिरथाबाईही आल्या होत्या. त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

पंख उतरवून भिंतीला लावले. विमान कोपऱ्यात. थप्पी मीच लावली. जागा पुरली नाही, म्हणून दोन पोती माझ्या सीटवर ठेवली. नीट मावली.

सगळे गेल्यावर चौदाही क्लॅम्प एकेक करून हलवून पाहिले. एकही हलत नाही.