शिवणारा मागून चालतो

बुध., ४ मार्च
त्रिनिदादहून आलेल्या मंडळींच्या मोठ्या पोशाखांच्या पेट्या बंदरात अडकल्या. कागद अपुरे. चौदाला जवळच्याच कोवलमच्या रस्त्यावर त्यांचा कार्निव्हल, आणि मुख्य नाचणारी डेल्फिन, तिच्या पाठीवर बांधायचा भला मोठा सूर्य त्याच पेट्यांत. मीटिंगमध्ये मी उठून म्हणाले, माझे आप्पा करतील, देवळांच्या रथांची कापडी सजावट तेच शिवतात. आप्पांना न विचारताच. हा कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेत मला सहा महिने झाले, आज पहिल्यांदा मोठ्या बाईंनी माझं नाव नीट उच्चारलं.

गुरु., ५
आप्पांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कोणाचा उत्सव?"
खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण रात्री भररस्त्यात बायका तोकड्या कपड्यांत नाचतात, हे त्यांना कसं सांगू? मी म्हणाले, कोवलमचा. समुद्राकाठचा.
खोटं नाही. खरंही...
आप्पा उठून आंघोळीला गेले. बाहेर येऊन अम्माला म्हणाले, आजपासून एक वेळ जेवण. देवाचं काम हातात असलं की त्यांचा हा नेम. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रवि., ८
वेताचा सांगाडा झाला. लाल, पिवळं, हिरवं कापड जॉर्ज टाउनच्या कापडबाजारातून मीच आणलं. आप्पांना खांद्याचे पट्टे कळेनात. रथाला चाकं असतात, याला पट्टे कशास? माणूस पाठीवर घेऊन फिरतो, असं मी सांगितलं. "अंगात येत असेल त्याच्या," आप्पा म्हणाले. मी हो म्हणाले.
हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं, त्याचीच भीती वाटते.

मंगळ., १०
आप्पांना मशीनवरच घेरी आली. शुगर उतरली होती. अम्माने त्यांच्या तोंडात गूळ कोंबला आणि मला म्हणाली, या घरातली पहिली पदवी तुझी, आणि साठीच्या माणसाकडून असलं घाईचं काम करून घेतेस? आप्पा तिलाच रागावले. काम चांगलं आहे म्हणे, सुगुणाला बोलू नको.
मोरीत जाऊन रडले. आज सांगायचंच, असं ठरवून बाहेर आले. नाही सांगितलं. सांगितलं तर ते सुई खाली ठेवतील. मग डेल्फिन काय बांधणार? की मी फक्त माझ्या नोकरीला भितेय?

गुरु., १२
सूर्य झाला. दारातून तिरका करून काढावा लागतो. मधोमध दोन मोर समोरासमोर, रथावर असतात तसे. संस्थेची गाडी घेऊन गेली. सुटले, असं मनात म्हणतेय तोच आप्पा म्हणाले, शनिवारी मी येणार. पहिल्या फेरीला शिवणारा मागून चालतो. अनवाणी, टाके बघत.
लहानपणी त्यांचं बोट धरून मीच चाललेय किती रथांमागे. ही रीत विसरले कशी?

रवि., १५, पहाटे
झोप नाही. कालचं लिहून ठेवते.
कोवलमच्या बसमध्ये सांगितलं. सगळं. देव नाही, रथ नाही, बायका नाचतात, मी तुम्हाला फसवलं. आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. थांबा आला. वाटलं, समोरून येणाऱ्या बसने परत जातील. त्यांनी खाली उतरून चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.
रस्ता माणसांनी भरलेला. पुढे ट्रक, त्यावर लोखंडी पिंपं ठोकून केलेली वाद्यं, आवाज मात्र घंटांचा. कोळणी आधी दारांतून हसत होत्या, मग पदर खोचून रस्त्यात आल्या. डेल्फिन पन्नाशीची, अंगावर नुसता टिकल्यांचा तोकडा पोशाख. आप्पांनी मान खाली घातली. ती त्यांच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली, पट्टे बांधून घ्यायला. आप्पा उभेच. मग वाकले आणि गाठी मारल्या. रथाच्या, दुहेरी.
ती अशी नाचत होती की सूर्य रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झुलायचा. आप्पांची नजर टाक्यांवर. मी चपला धरून शेजारून. माझेही पाय आपोआप हलायला लागले होते, आवरले. थोड्या वेळाने नाही आवरले.
मासळीबाजाराशी एक पट्टा उसवला. आप्पांनी हात वर केला, रथ थांबवतात तसा. ट्रक थांबला. वाद्यं थांबली. एवढा रस्ता एका माणसासाठी गप्प. माझ्या मोबाइलच्या उजेडात त्यांनी सहा टाके घातले, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "सरी." झालं, चालू द्या. पुन्हा सगळं उसळलं.
फेरी संपल्यावर टपरीवर बसून त्यांनी चार इडल्या खाल्ल्या. नऊ रात्रींनंतर. त्यांनी चटणी मागितली, ती मी आणून दिली. मी म्हणाले, आप्पा, माझ्यामुळे तुम्ही उपाशी राहिलात.
"उपास माझा होता," ते म्हणाले. "खोटं तुझं."
मग चपला मागितल्या.

मंगळ., १७
पेट्या सुटल्या. आत्ता. डेल्फिनला तिचा जुना सूर्य नको, आप्पांचाच घेऊन जाणार. शिवाय पुढच्या वर्षी तिच्या गावच्या कार्निव्हलला आणखी तीन हवेत. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, करतील का? म्हणाले, घरी विचारून सांगते.
घरी काही न लपवता सांगितलं. कोणाचा उत्सव, कोण नाचतं, काय घालतात, किती लांब. आप्पा शनिवारपासून माझ्याशी थेट बोलत नाहीत. ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवत राहिले. जेवतात मात्र दोन्ही वेळा.
आत्ता अम्मा येऊन गेली. आप्पांनी विचारलंय म्हणाली, तिकडचं डांबर पायांना फार भाजतं का.