गुळाच्या भिंतींचं घर कुणाच्या नावावर

मी, बाबासो अण्णाप्पा मगदूम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार कोडोली, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि सकाळचा चहा पिऊन लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी मातीचं घर बांधल्यापासून भावकीला त्या बाबतीत शंका आहे, म्हणून दाखल्याच्या जादा प्रतीही काढून ठेवल्या आहेत.

१. मळ्यातलं दोन खोल्या आणि पुढं ओसरीसारखा सोपा असलेलं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. खाली जांभा दगडाचा चौथरा, वर माती आणि शाहूवाडीकडून आणलेलं भाताचं काड तुडवून पाडलेल्या कच्च्या विटांच्या भिंती, आणि बांबूवर कौलं. घरात सिमेंटचा कण नाही. हे घर का बांधलं, ते वारसांना ठाऊक असावं. माझा मुलगा चि. श्रेयस याचं जयसिंगपुरात फरशीचं दुकान आणि स्लॅबचा बंगला आहे. त्या बंगल्यात मी एक मे महिना काढला. तव्यावरच्या भाकरीला काय वाटत असेल, ते मला तिथं कळलं. श्रेयस म्हणाला, "अण्णा, एसी लावतो की." मी म्हटलं, "आधी भट्टी बांधायची आणि मग वारा घालत बसायचं, हे कुणी शिकवलं रं तुला?" एस.टी. धरून गावी आलो आणि मळ्यात काठीनं नकाशा काढला. खिडक्या वाऱ्याच्या तोंडाला, आणि पावसाच्या बाजूला छप्पर पार खाली उतरवलेलं.

२. आता गुळाबद्दल. चुन्याच्या गिलाव्यात हिरड्याचं पाणी आणि थोडा गूळ घालतात, त्यानं चुना धरून बसतो. गिलाव्याच्या मुहूर्ताआधी पाहुण्यांनी विचारलं, आहेर काय आणायचा? मी सांगितलं, भांडी नकोत, टॉवेल-टोपी नको, गिलाव्याला गूळ आणा. कोल्हापूरकडच्या माणसाला गूळ आणा म्हटलं, की तो खडा आणत नाही, ढेप आणतो. झाडून सगळे सोयरे खांद्यावर ढेपा घेऊन हजर. आलेला आहेर बाजूला ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं. गवंडी शहजाद मुल्लाणी म्हणाला, "अण्णा, भिंत करायची हाय का चिक्की?" मी म्हटलं, "घाल. पावण्यांचा मान हाय." सगळा गूळ भिंतीत गेला. यात माझी काही चूक झाली, असं मी आजही मानत नाही.

३. चंपा म्हैस दावं ताणून रोज स्वयंपाकघराची भिंत चाटायची. चाटून चाटून तिनं आरपार भोक पाडलं. शहजादनं तिथं चौकट बसवली आणि घरातली सगळ्यात चांगली खिडकी तीच झाली. सबब चंपाला विकू नये, त्या खिडकीखालीच बांधावी.

राहिल्या मुंग्या. आम्ही जैन माणसं, पाणी गाळून पितो. मुंग्यांवर पावडर टाकणार होय? त्या पाहुण्या म्हणून आल्या आणि कूळ होऊन बसल्या. जो त्यांना पावडर घालील, त्याचा या मिळकतीशी संबंध संपला. हळदीची रेघ ओढायला हरकत नाही. त्या वळसा घालून जातात.

४. माझी थापी, ओळंबा आणि विटांचे लाकडी साचे शहजाद मुल्लाणी यास द्यावेत. चिक्की हा शब्द त्यानं पुन्हा काढू नये, एवढीच अट.

५. चुलतभाऊ बाळासो यानं भर पंगतीत सांगितलं होतं, "बाबासोचं घर एका पावसाळ्यात वड्याला वाहून जातंय बघा." घर उभं आहे. बाळासोचा स्लॅब मात्र गळतो. त्याच्याखाली ठेवायला माझी पितळी बादली त्याला देणार होतो. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये. घर उभं आहे, या वाक्याखाली मला बाळासोचीच सही पाहिजे. सबब बादली रद्द.

६. भिंतींची माती ज्या खड्ड्यातून काढली, तो मी मुद्दाम बुजवलेला नाही. घर कधी नको झालं, तर कौलं, बांबू, दारं काढून घ्यावीत, भिंती खड्ड्यात लोटाव्यात आणि वर ऊस लावावा. गूळ आधीच घातलेला आहे. श्रेयस, तुझा बंगला कुठल्या खड्ड्यात घालणार, ते तू ठरव.

७. घर आणि बँकेतली ठेव मी माझी पत्नी सौ. चंदना हिच्या नावे करतो. घरात पाऊल ठेवल्यापासून ती ऐकवते आहे, "तुमी गेल्यावर एक दीस ऱ्हायाची न्हाय ह्या चिखलात. पोराच्या फरशीवर जानार." तिच्यावर सक्ती नको. म्हणून लिहितो, की माझ्या माघारी तिनं खुशाल घर पाडावं. घर राहावं असं मला फार वाटतं, आणि तिनं त्यात राहावं असं त्याहून जास्त वाटतं. पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

८. या कागदात खाडाखोड झाल्यास तिथं माझी आणि साक्षीदारांची सही असावी, नाहीतर ती धरू नये.

दुरुस्ती: सह्यांच्या आधी कागद चंदनाला वाचायला दिला. कलम सातपाशी तिनं चष्मा पुसला, माझ्या हातातलं पेन ओढलं आणि घर पाडण्याच्या वाक्यावर आडवी रेघ मारली. म्हणाली, "अवो, बोलायचं म्हणून बोलतंय मानूस. दर दिवाळीला ह्या भिताडास्नी मी लिंपलंय. तुमी नुसता काठीनं नकाशा काढलायसा. माझं घर पाडायची परवानगी देनारं तुमी कोन?"

मला हसू यायला लागलं आणि रडूही. साक्षीच्या सहीला आलेला बाळासो खिडकीतून चंपाकडं बघत बसला.

सबब ते वाक्य रद्द. घर राहील, चंदना त्यात राहील. दुरुस्ती मला मान्य.

ठिकाण: कोडोली, मळ्यातलं घर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: बाबासो अण्णाप्पा मगदूम (सही)

साक्षीदार, दुरुस्तीसह:
१) बाळासो मगदूम (सही, घर उभं आहे, हे मला मान्य आहे)
२) अमरसिंह घाटगे, वकील (सही)

वकील नको नको म्हणत असताना खाली आणखी एक ओळ:
फुडच्या गिलाव्याला गूळ मी घालनार. चिमूटभर.
सौ. चंदना बाबासो मगदूम