उलटा करंट

बाबूजी, आमच्या वरठीच्या घरावर सोलर बसवलं. तुम्ही असता तर आधी शिडी मागितली असती, चहा नंतर घेतला असता. आंधळगावात लाइनमन म्हणून तुमचा जन्म खांबांवर गेला. विजेच्या बाबतीत कोणी "काही होत नाही" म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडायची. ती आठी आता माझ्या कपाळाला आहे.

सोलरवाला घरी आला तेव्हा तुमच्या जावयांना पहिल्या चहातच पटलं. मला नाही पटलं. माणूस फार गुळगुळीत बोलत होता. बिल नावापुरतं येईल, सरकारी अनुदान मिळेल, घातलेला पैसा काही वर्षांत निघेल. मी विचारलं, "अन् पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तवा?"

"तवा कमी बनते, ताई. पन उन्हाळ्यात जास्तीची वीज लाइनीवर जाऊन तुमच्या नावानं जमा होते ना."

"जमा होते मंजे? कोनाच्या घरी?"

हे हसायला लागले. "अवं, मीटरमंदी! अगदी बापावर गेली तू."

वानरं उड्या मारतील त्याचं काय, मी वाळवणं कुठं घालू, सगळ्याचं उत्तर त्या माणसाकडे तयार होतं. ज्याच्याकडे सगळ्याचं उत्तर असतं त्याचा मला संशयच येतो. तरी यांनी बसवलंच. बिल खरंच उतरलं. हे ते शेजाऱ्यांना दाखवत फिरले, आणि मी रोज सकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर मांडत राहिले, कुठंतरी फसवणूक सापडेल म्हणून. सापडली नाही. पाट्यांवर धूळ बसते, दर आठ दिवसांनी यांना पाइप घेऊन वर चढावं लागतं, आणि अर्ध्या गच्चीवर सावली असल्यामुळे माझ्या कुरडया वाळत नाहीत, एवढंच.

मग मे महिन्यात एका भर दुपारी लाइन गेली आणि आमचा पंखाही थांबला. फ्रिज बंद. डोक्यावर ऊन असं, की गच्चीवर पाय ठेववत नव्हता, आणि घरात वीज नाही! मला राग आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. मी लगेच सोलरवाल्याला फोन लावला. त्यांच्याकडची तपासणी करणारी बाई दुसऱ्या दिवशी आली. भंडाऱ्याचीच, तिशी ओलांडलेली, कमरेला पेचकस-टेस्टर लावलेली. मी तिला दारातच धरलं.

"एवढं ऊन पडून राहिलं अन् घरात लाइट नाही. कायले बसवलं मग आमी हे?"

तिनं शांतपणे मशीन उघडून पाहिलं. "काकू, बिघाड नाही हा. लाइन गेली का हे आपोआप बंद होते. बॅटरीवालं घेतलं असतं तर घरातलं चाललं असतं, पन त्याले खर्च जास्त, अन् बॅटरी पुढं बदलावी बी लागते. हे तुमाले आधीच सांगाले पायजे होतं."

"पन बंद काहून करता?"

"लाइन गेली मंजे खांबावर कोनीतरी चढलं असन ना. तुमच्या घरचा करंट उलटा तारेवर गेला तर तो मानूस मरन."

मी पायरीवर बसले. तिला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. तिनं पाणी आणून दिलं.

माझ्या डोळ्यांपुढं ते जुनं दिसत होतं. मी दहावीत आहे. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही पडून आहात, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता, "फ्यूज काढून खिशात टाकले अन् मंगच चढलो मी. त्या राइस मिलीतून उलटा आला करंट. जनरेटर चालू होता त्याइचा." आणि बाहेरच्या व्हरांड्यात लोक बोलतात, बंद तारेत कुठून येईल करंट, फ्यूज नंतर टाकले असतील खिशात, घेतली असेल जरा. मिलवाला पेरू घेऊन भेटायला येतो. तुम्ही त्याच्याकडे पाहत नाही. पुढं तुमची दोन बोटं गेली, खांब सुटला, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही ऑफिसात तक्रारींच्या वहीपाशी बसून राहिलात. त्या दिवसाबद्दल तुम्ही घरात पुन्हा बोलला नाहीत. आम्हीही विचारलं नाही. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे असंच आम्ही धरून चाललो.

यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. सोलरचा खर्च निघेल की नाही, तेही आत्ताच सांगता येणार नाही. लाइन गेली की आता आम्ही मुकाट्यानं व्हरांड्यात येऊन बसतो, मी फोन करत नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, पाठवायला तर पत्ताच नाही. तरी एक लिहून टाकते. त्या दिवशी दवाखान्यात तुम्हाला पाणी पाजताना मी मुद्दाम खाली वाकले होते, तुमच्या तोंडाचा वास घ्यायला. वास आला नव्हता, बाबूजी. तरी घरी आल्यावर मी आईला म्हटलं, येत होता.