भट्टी वंदनाला का दिली

मी, माणिक सोमाजी लांजेवार, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी, राहणार रिसाली, भिलाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. वय झाले, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरचा दाखला जोडला आहे, नाहीतर देवेंद्र खोट काढेल.

१. राहते घर मुलगा देवेंद्र याला. बँकेतली ठेव आमचा कारागीर फकिरा याची विधवा सिंधुताई हिला.

२. शेड आणि अवजारे तापवायची विजेची भट्टी मुलगी वंदना हिला. कारण लिहितो, नाहीतर माझ्यामागे लोक तिलाच दोष देतील.

भट्टी वंदनाने कॉम्प्युटरवर लिहिलेल्या स्क्रिप्टवर, म्हणजे प्रोग्रामवर, चालते. कंट्रोल आणि सी ही बटने एकत्र दाबली की स्क्रिप्टला थांबण्याचा सिग्नल जातो. ट्रॅप नावाची ओळ तो झेलते, भट्टी तापवणाऱ्या कॉइलची वीज तोडते, पंखा चालवते आणि भट्टी निवल्यावरच स्क्रिप्ट संपते. देवेंद्र पोलादाच्या प्लांटमधला. तिथे लाल बटन ठोकले की मशीन जागीच थांबते. त्याला वाट पाहणे पटत नसे. एके दिवशी त्याने सरळ किल मायनस नाईन, म्हणजे स्क्रिप्ट जागीच मारायचा हुकूम, दिला. तो सिग्नल कोणताच ट्रॅप झेलू शकत नाही. स्क्रिप्ट मेली, स्क्रीन शांत झाली, कॉइल मात्र चालूच राहिली.

फकिरा म्हणाला, "भाऊ, दिदीनं थांबाले सांगतलं हाय ना?"

"दिदी काय भट्टीवर उभी रायते का? झाली बंद. उघड."

फकिराने दार उघडून लोखंडी सांडशी आत घातली. ती कॉइलला लागली. शॉक बसून तो तिथेच गेला.

त्याच्या तेराव्याला देवेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "दिदीचा प्रोग्रामच खराब होता."

मी म्हटले, "प्रोग्रामले तू आवरू तरी देल्लं का?"

"बाबा, जेवा आता."

वंदना पानावरून उठली.

३. वंदनाने ट्रॅपची ओळ कोणाला काढू देऊ नये. दार उघडण्याआधी भिंतीवरचा मेन स्विच हाताने पाडावा, स्क्रीन काहीही सांगो. भट्टी नको वाटली तर तोडून भंगारात द्यावी. चालू स्थितीत कोणाला विकू नये. देवेंद्रला तर नाहीच. तो गोड बोलेल, म्हणून पुन्हा लिहितो: नाहीच.

४. वकील म्हणाले, "माणिकराव, शेवटी 'माझा कोणावरही राग नाही' असं टाका, बरं दिसतं." ते कलम मी टाकलेले नाही.

वाचून, समजून सही केली.

माणिक सोमाजी लांजेवार
रिसाली, भिलाई, जि. दुर्ग
१४ नोव्हेंबर २०२३

आमच्यासमोर सही झाली:
१. बाबुलाल हटवार, सेक्टर ६
२. अच्युत कापगते, रिसाली