अठराशे की बावीसशे

३ मार्च, सकाळी ७.१०
आली! पीएच.डी.ची पहिली ऑफर आली. परदेशातल्या छोट्या विद्यापीठाची. फी पूर्ण माफ, महिना अठराशे डॉलर स्टायपेंड, वर्षाचे बाराही महिने, पाच वर्षं. वर नवराबायको दोघांचा आरोग्य विमा. विषय माझाच : काँक्रीटला भेगा का पडतात. गेली आठ वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये मी काँक्रीटचे ठोकळे मशीनखाली दाबून फोडतोय. ते का फुटतात हे आता जगाला सांगायची वेळ आली.
हिला उठवून सांगितलं. ही हॉस्पिटलात एक्स-रे काढते, काल दुसरी पाळी होती, तरी टुणकन उठून बसली. म्हणाली, अरे मग हो म्हणून टाक ना! म्हटलं, असं लगेच हो म्हणायचं नसतं. व्यवहार म्हणून काही असतो.
संकल्प : सगळं पक्कं होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.

३ मार्च, संध्याकाळी
सगळ्यांना सांगितलं.

६ मार्च
दुसरी ऑफर!! मोठं विद्यापीठ. ज्याचं नाव घेतलं की समोरचा खुर्चीत सरळ होऊन बसतो, ते. महिना बावीसशे! खाली बारीक अक्षरांत काहीबाही आहे. नऊ महिने, पहिल्या वर्षापुरतं, फी निम्मीच माफ, 'पुढे निधीच्या उपलब्धतेनुसार'. कायदेशीर भाषा. असतेच. घर भाड्याने घेतानाही असते, कोण वाचतं?
बावीसशे हे अठराशेपेक्षा जास्त असतात. बाकी चर्चा नको.

७ मार्च
चर्चा झाली. हिचं म्हणणं, नीट तुलना कर. केली. एक्सेलमध्ये तक्ता केला. प्रतिष्ठेला चाळीस गुण, लायब्ररीला वीस, स्टायपेंडला वीस, हवामानाला दहा, इतर दहा. मोठं विद्यापीठ ८८, छोटं ४१. आकडे खोटं बोलत नाहीत.

१० मार्च
सासरे आले होते. निवृत्त ऑडिटर. माणूस चांगला, पण दृष्टी संकुचित. दोन्ही पत्रं मागितली, चष्मा पुसला आणि एक तास वाचत बसले. मग म्हणाले, जावईबापू, बावीसशे गुणिले नऊ म्हणजे एकोणीस हजार आठशे. त्यातून निम्मी फी, सात हजार, वजा. राहिले बारा हजार आठशे. इकडे अठराशे गुणिले बारा, एकवीस हजार सहाशे, वजाबाकी काही नाही. आणि तिकडे उरलेले तीन महिने काय वारा खाणार?
मी सांगितलं, संशोधनाचा हिशेब असा किराण्यासारखा करत नाहीत. ते म्हणाले, बरं. ही आत जाऊन भांडी घासू लागली. भांडी आधीच घासलेली होती.

१२ मार्च
वाटाघाटींवरचा एक व्हिडिओ पाहिला. पहिली ऑफर कधीच शेवटची नसते! हे मला उपजतच माहीत होतं, फक्त कुणी म्हटलं नव्हतं. प्लॅन असा : मोठ्याचं नाव दाखवून छोट्याला वर चढवायचं. छोटा चढला की ते दाखवून मोठ्याला. दोघांना एकमेकांवर चढवत चढवत पंचवीसशेपर्यंत सहज. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.
छोट्या विद्यापीठाच्या प्राध्यापकबाईंना मेल टाकला. सूर नम्र, पण कणा ताठ.

१४ मार्च
बाईंचा चक्क फोन आला! म्हणजे नाक दाबलं गेलं. बाई अर्धा तास बोलल्या. माझा भेगांवरचा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचलाय. म्हणाल्या, ही एक जागा मिळवायला मी दोन वर्षं भांडलेय. आकडा विद्यापीठ ठरवतं, माझ्या हातात नाही. पण पहिला महिना राहायची सोय करते, आणि तुमच्या पत्नीची आमच्या हॉस्पिटलात ओळख करून देते, त्यांना एक्स-रेची माणसं हवीच आहेत. पंधरा एप्रिलपर्यंत कळवा.
ही शेजारीच बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, किती छान बोलतात रे.
माझं विश्लेषण : बाई डगमगल्या आहेत. जो माणूस घर देतो, तो पैसेही देतो. थोडं ताणायला हवं.

२५ मार्च
राजीनामा दिला. परतीचे दोर कापले की माणूस जोमानं लढतो. एक महिन्याची नोटीस. साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला. म्हणाले, दोन्हीतली कुठली ठरली? म्हटलं, ठरेल. म्हणाले, ठरली नाही आणि राजीनामा? मी फक्त हसलो. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं. आठ वर्षांचा माणूस जातोय म्हटल्यावर गलबलणारच.
हिला संध्याकाळी सांगितलं. ही ताट अर्धं टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिली. बहुधा अभिमान.

२ एप्रिल
मोठ्या विद्यापीठाला मी तीन मेल पाठवले. उत्तर नाही. मोठी माणसं मोजकं बोलतात.

५ एप्रिल
चौथा मेल. उत्तर आलं! 'आपला मेल मिळाला. उत्तराला दहा ते पंधरा कामाचे दिवस लागू शकतात.' दोन मिनिटांत आलं. तत्परता बघा.

९ एप्रिल, दुपारी १२.३०
आता घाव घालायचा. बाईंना शेवटचा मेल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य : 'स्टायपेंड किमान वीस टक्क्यांनी वाढवणार नसाल तर मला नाइलाजाने आपली ऑफर नाकारावी लागेल.' 'नाइलाजाने' हा शब्द मला फार आवडला. दुःख आहे, पण माघार नाही.
हिला वाचून दाखवला. म्हणाली, नको पाठवूस. हात जोडते, नको पाठवूस. म्हटलं, तुला बुद्धिबळ येत नाही. पाठवला.

९ एप्रिल, दुपारी २.५०
उत्तर आलं. दोन तास वीस मिनिटांत. वाचण्याआधी हातपाय धुतले, नवा शर्ट घातला.

९ एप्रिल, ३.१५
बाई लिहितात की रक्कम वाढवणं शक्य नाही, हे त्यांनी फोनवर सांगितलंच होतं. तेव्हा माझा नकार त्या खेदाने स्वीकारत आहेत. माझ्याकडे यापेक्षा चांगली संधी आहे याचा त्यांना मनापासून आनंद आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.
ही त्यांची प्रतिचाल असावी.

१० एप्रिल
प्रतिचाल नाही. फोन केला. बाई दुखावलेल्या वाटल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, जागा काल संध्याकाळीच यादीतल्या पुढच्या मुलीला दिली. ती फोनवर रडायलाच लागली हो आनंदानं, किती मिळणार हेसुद्धा विचारलं नाही.
मी म्हटलं, वा. दुसरं काय म्हणणार?
असो. मोठा आहेच. उलट बरंच झालं, आता मन एका जागी लागेल. पडलो तरी नाक वर.

१६ एप्रिल
मोठ्या विद्यापीठाचं पत्र. यंदा निधी उपलब्ध नाही. संपूर्ण फी भरून यायचं असल्यास स्वागत आहे, जागा राखण्यासाठी तीनशे भरा, परत मिळणार नाहीत.
सासऱ्यांना कळवावं लागलं. ते फोनवर म्हणाले, 'तेलही गेलं, तूपही...' आणि थांबले. पुढचं त्यांनी सौजन्याने गिळलं. मी म्हटलं, पूर्ण करा की, भितो की काय मी म्हणीला? त्यांनी पूर्ण केली.

१८ एप्रिल
लॅब. नवा शर्ट. साहेबांना स्पष्ट सांगितलं की मी काही अटींवर थांबायला तयार आहे. साहेबांनी ड्रॉवर उघडला. राजीनामा तिथेच होता, वर चहाच्या कपाचा गोल डाग. म्हणाले, हेड ऑफिसला पाठवलाच नव्हता. बघू काय होतंय म्हणून ठेवून दिला होता. मग फाडून टोपलीत टाकला आणि विचारलं, अटी कसल्या?
म्हटलं, पंख्याखालची जागा.
मिळाली नाही. म्हणजे अजून विचाराधीन आहे.

१९ एप्रिल
ही आज बोलली. नऊ तारखेपासून 'हो', 'नाही' आणि 'दूध संपलंय' एवढंच चाललं होतं.
बाईंनी मार्चमध्येच हिची ओळख करून दिली होती म्हणे. तिकडच्या हॉस्पिटलात हिची मुलाखतही झाली होती, जेवणाच्या सुट्टीत, एक्स-रेच्या खोलीत दार लावून. त्यांनी हो म्हटलं होतं. मला पंधरा तारखेला सांगणार होती, मी हो कळवलं की. त्या गावात तिनं नकाशावर घरसुद्धा बघून ठेवलं होतं, दोन खिडक्यांचं, बसथांब्याजवळ.
मला म्हणाली, मला जायचं होतं रे. तू एकदा तरी विचारलंस मला?
रात्री तो एक्सेलचा तक्ता परत उघडून पाहिला, त्यात हिचा रकानाच नाही.

२१ एप्रिल
पुढच्या वर्षीचे अर्ज सप्टेंबरात सुरू होतात. ही म्हणाली, या वेळी मीही अर्ज करणार, रेडिओग्राफीच्या मास्टर्सला. तुझाही मीच भरते.
म्हटलं, उत्तम! तू अर्ज भर. ऑफर आल्या की वाटाघाटींचं माझ्याकडे दे, आता अनुभव आहे.
हिनं माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, तू फक्त तुझ्या मेलचा पासवर्ड मला दे.
दिला.